लिकर मागितली, तर म्हणे सगळं लिकरच आहे

“भैया, संत्र्याची लिकर आहे का?”

काउंटरवरचा पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं मागच्या अख्ख्या भिंतीवरून हात फिरवला. “ताई, सगळं लिकरच आहे.”

पोराची चूक नाही. पाटीवरची ‘लिकर’ म्हणजे सरसकट दारू. मला हवी होती ती फळ किंवा फळाची साल मद्यार्कात मुरवून, वर साखर घालून केलेली गोड दारू. तिचा उच्चार थोडा लांबवून लिक्योर करायचा म्हणे. देवनागरीत लिहिलं की दोघी जुळ्या बहिणी. पुढे घोळ नको म्हणून मी लिक्योरच लिहिते.

मी संभाजीनगरला, सिडकोत, घरून केक करून विकते. नऊ वर्षं झाली. पीत नाही. माझं सगळं मोजमाप चमच्याचं, त्यामुळे बर्फात कशी लागते, सोड्यात कशी लागते हे मला विचारू नका. संत्र्याच्या केकला इसेन्स घालून घालून कंटाळले होते. तोंडात गेल्यावर पहिल्यांदा साबण आठवतो आणि मग संत्रं. एका गिऱ्हाईक ताईंच्या मुलानं दुबईहून येताना लिमोनचेलो आणली होती (विमानानं येणाऱ्याला दोन लिटरपर्यंत दारू जकातीशिवाय आणता येते). त्यातली अर्धी वाटी त्यांनी मला दिली. लिंबाच्या सालीची ती इटालियन दारू केकच्या पाकात घातली आणि त्या दिवशी कळलं की आपण इतकी वर्षं काय चुकवत होतो. म्हणून दिवाळी झाल्यावर, प्लम केकच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आधी, स्वतःच दुकान गाठलं.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे. एवढंच सांगते की जाळीच्या खिडकीतून हात घालून क्वार्टर घ्यायचं हे दुकान नाही. काचेचं दार, आत एसी, टोपली घेऊन फिरता येतं. तरी मी आत शिरले तेव्हा तिघं जण एकदम बाजूला झाले, एकानं तर तोंड वळवलं. बहुतेक माझ्याच कॉलनीतला असावा. मला काही वाटलं नाही, त्यालाच मेल्याहून मेल्यासारखं झालं असणार.

मी आधी परवाना मागितला. पोरगा हसला. “पहिल्यांदाच कुणीतरी स्वतःहून मागितला, ताई.” आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे दारू विकत घ्यायला, जवळ ठेवायला आणि प्यायला परवाना लागतो. विदेशी दारूचा एका दिवसाचा 5 रुपयांना, वर्षाचा 100 ला, जन्मभराचा 1000 ला. ड्रॉवरच्या तळातून त्यानं एक पुस्तक काढलं आणि चिठ्ठी फाडली. हा परवाना प्रकृती राखण्यासाठी देतात. आणि बाटलीवर ठळक अक्षरात काय, तर मद्यसेवन आरोग्यास हानिकारक. दोन्ही कागद सरकारीच. केकसाठी असा रकाना कुठेही नाही, तेव्हा मीही प्रकृती राखण्यासाठीच घेतली असं समजा.

आता माल. पोरानं पहिल्यांदा पुढे केली ती निळी बाटली. “कुराकाओ, मॅडम. हे फास्ट जातं.” उच्चार कुरासाव असा आहे, पण आमच्या इथे तसं मागितलं तर मिळायचं नाही. निळा रंग संत्र्याचा नसतोच, तो वरून घातलेला असतो. आणि केकच्या सामानाच्या दुकानात त्याच नावाचं बिनदारूचं सरबत मिळतं, ते तर नुसता रंग आणि साखर. निळी मी घेतली नाही. पण या कुरासावची गोष्ट मला सांगायचीच आहे, कारण ती वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

कुरासाव हे व्हेनेझुएलाच्या समोरचं एक छोटं, कोरडं बेट. पाचशे वर्षांपूर्वी स्पॅनिश लोकांनी तिथे आपल्या देशातली गोड संत्री नेऊन लावली. पाऊस नाही, जमीन रुक्ष. झाडं मेली नाहीत, पण फळं हिरवी, लहान आणि इतकी कडू झाली की कुणी खाईना. लावणाऱ्यांनी बागा सोडून दिल्या. पुढे कधीतरी लक्षात आलं, की गर टाकाऊ असला तरी वाळलेल्या सालीत वासाचं तेल गच्च भरलंय. त्या कडू फळाला तिथे लाराहा म्हणतात, आणि त्याच्या सालीवर त्या बेटाच्या लिक्योरचं नाव जगभर गेलं.

माझं माहेर अंबडजवळ, जालना जिल्ह्यात. मोसंबीची बाग. 2012 चा दुष्काळ आमच्या घरात अजून सन म्हणून वापरतात, त्याच्या आधीचं आणि त्याच्या नंतरचं. टँकर लावून अण्णांनी निम्मी झाडं जगवली, निम्मी सरपणाला गेली. आमची मोसंबी कडू झाली नाही, सरळ वाळली. तेव्हा दुष्काळात फळ बिघडलं आणि त्या बिघडलेल्या फळावरच धंदा उभा राहिला, हे वाचून मला आनंद झाला की राग आला, नीट सांगता येत नाही.

असो. मी घेतलेली पहिली बाटली: फ्रेंच, पांढरी स्वच्छ, गोड आणि कडू अशा दोन्ही संत्र्यांच्या सालींची, 40 टक्के मद्यार्क, 700 मिलि. किंमत 4300 रुपये. मी बाटली परत खाली ठेवली. तेवढ्यात मालक आले. पांढरे केस, कपाळाला अष्टगंध, गल्ल्याशेजारी बालाजीचा फोटो. म्हणाले, “ताई, बाटली महाग नाही. बाटलीवर बसलेली माणसं महाग आहेत.”

आणि मग त्यांनी मला जो हिशेब सांगितला तो एखाद्या सीएनं सांगावा इतका सरळ होता. समजा बाटली न्हावाशेवा बंदरात उतरली तेव्हा विमा-भाड्यासकट हजाराची आहे. त्यावर मूळ सीमाशुल्क 50 टक्के, म्हणजे पाचशे. वर शेतीच्या पायाभूत सोयींचा उपकर 100 टक्के, म्हणजे हजार. 2021 च्या बजेटच्या आधी सगळंच 150 टक्के सीमाशुल्क होतं, त्या वर्षी त्याची अशी वाटणी केली. आकडा तोच, खिसे दोन. हजाराची बाटली बंदराच्या दारातून बाहेर पडताना अडीच हजारांची. आयात करणाऱ्याला एवढे पैसे एकदम भरायचे नसतील तर माल सीमाशुल्काच्या कुलपात, बॉन्डेड गोदामात ठेवायचा, आणि विकला जाईल तसतसा शुल्क भरून थोडा थोडा सोडवायचा. व्हिस्की भराभर सुटते. लिक्योर पडून राहते. त्याआधी अन्नसुरक्षावाल्यांचा नमुना, त्यांचा दाखला. मग राज्याचं शुल्क, दर ब्रँडच्या लेबलला राज्याची मंजुरी, मग ठोक परवानेवाला, मग त्यांच्यासारखा किरकोळ परवानेवाला. पिण्याच्या दारूवर जीएसटी नाही, व्हॅट आहे.

“स्कॉचवाले दिल्लीत जाऊन भांडतात,” मालक म्हणाले. “बोर्बनवाल्यांचं, म्हणजे त्या अमेरिकन व्हिस्कीवाल्यांचं, 2025 ला 150 चं 100 झालं. संत्र्याच्या सालीसाठी कोण जाणार भांडायला?”

शेतीच्या पायाभूत सोयींचा उपकर मी डोक्यात दोनदा वाचला. म्हणजे फ्रान्समधल्या सालीवर मी शेतीसाठी पैसे भरतेय, आणि अण्णांच्या बागेकडे जायचा पाणंद रस्ता अजून गुडघाभर चिखलाचा. त्या रस्त्याचा आणि या उपकराचा थेट संबंध नाही, कळतं मला. पण मनात आलं ते आलं.

मालकांना मी मग विचारलं, “ही चवीला कशी आहे? त्या शेजारच्या, कोन्याक म्हणजे फ्रेंच ब्रँडी घातलेल्या बाटलीपेक्षा कमी गोड आहे का?” इथे मात्र गाडी थांबली. “चांगली आहे. दोन्ही चांगल्या आहेत. इम्पोर्टेड आहेत ना.” करांची साखळी पाठ, आणि बाटलीत काय आहे त्याचा पत्ता नाही. या दुकानाबद्दल माझं मत एका वाक्यात हवं असेल तर हेच.

तरी बाटली घेतली. आणि हिशेब घरी येऊन केला. 15 मिलिच्या चमच्यानं 700 मिलिचे साधारण 47 चमचे होतात, म्हणजे चमचा 92 रुपयांना पडला. अर्धा किलोच्या केकच्या पाकात दोन चमचे पुरतात. गॅस बंद करून पाक कोमट झाल्यावर घालायची, उकळत्या पाकात घातली तर वास उडून जातो आणि पैसे वाफेवर. वासाबद्दल बोलायचं तर झाकण काढल्याबरोबर संत्र्याची साल नखानं चिरल्यावर जो बारीक फवारा उडतो ना, तो. गर नाही, रस नाही, फवाराच. गोडपणा मागे राहतो आणि शेवटी जिभेवर किंचित कडवटपणा, जो चॉकलेटला असा काही धरतो की विचारू नका. चॉकलेट-संत्रं हा केक मी दोनशेनं महाग केला आणि एकाही गिऱ्हाइकानं का म्हणून विचारलं नाही. अर्थात आधी सांगून विकते. वाढदिवस लहान मुलाचा असेल, घरात कुणी माळकरी असेल, तर ही नाहीच, साधा सालीचा पाक. या बाटलीला माझे पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो किमतीसाठी, आणि तो त्या फ्रेंच माणसाचा दोष नाही.

अण्णा आले होते तेव्हा त्यांच्यापुढे बाटली धरली. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे चव घ्यायचा प्रश्नच नाही. नुसता वास घेतला. म्हणाले, “हे सालीचं दिसतंय. साल तर आपण फेकतो.” क्रांती चौकातल्या ज्यूसच्या गाड्यांमागे मोसंबीच्या सालींचे ढीग असतात, त्यात शेळ्या तोंड घालतात, तेही त्यांना आठवलं. मग विचारलं, “टनामागे सूट किती देतात म्हणे तिकडं, फ्रान्सात?” पाचोडच्या मार्केटला व्यापारी टनामागे वजनात सूट मारतात, ते दुखणं अण्णांचं जुनं. मी म्हटलं, तिकडचं मला काही माहीत नाही.

दुसरी बाटली ही या लेखातली तक्रार.

क्रेम द कासिस. ब्लॅककरंटची लिक्योर, फ्रान्समधल्या दिजों गावाकडची. आइस्क्रीममुळे आपल्याला ब्लॅककरंट हे नाव माहीत आहे, फळ नाही. आपल्या किराणा दुकानात त्या नावानं बहुतेकदा काळे मनुके मिळतात, त्यांचं याच्याशी काही नातं नाही. मला ती प्लम केकमधला सुका मेवा भिजवायला हवी होती. पोरानं वरच्या फळीवरून, शिडी लावून काढली, शर्टाच्या बाहीनं धूळ पुसली आणि बजावलं, “फ्रिजमध्ये ठेवा ताई, क्रीम आहे त्यात.”

क्रीम नसतं. क्रेम म्हणजे साखर भरपूर. युरोपच्या नियमात साध्या लिक्योरला लिटरमागे 100 ग्रॅम साखर पुरते, कासिसला कमीत कमी 400 लागते. पाक म्हणाल तर पाकच. पण सल्ला चुकून बरोबर होता. या लिक्योरमध्ये मद्यार्क जेमतेम 15 ते 20 टक्के. चाळीसची बाटली कपाटात वर्षानुवर्षं टिकते, ही टिकत नाही. उजेड, ऊन आणि हवा लागली की फळ मरतं. आणि वरची फळी कुठे, तर पश्चिमेच्या काचेला लागून. आमच्याकडचा मे महिना बेचाळीस डिग्रीचा, रात्री दुकान बंद तर एसी बंद. त्या बाटलीनं असे किती मे काढले होते देव जाणे.

घरी उघडली. गडद जांभळी असायला हवी, ती तांबूस तपकिरी. वास सुकलेल्या आलुबुखाऱ्याचा, मागे थोडी जुन्या काकवीची झाक. आंबट काहीच नाही. ब्लॅककरंटचा जीव म्हणजे तो आंबटपणा.

मग स्टिकर वाचत बसले. मूळ फ्रेंच लेबलच्या अर्ध्या भागावर आपला स्टिकर. आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, अन्नसुरक्षेचा परवाना क्रमांक, किंमत, इशारा, ‘फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी’. सगळं आहे. कधीपर्यंत वापरावी ते नाही, कारण दहा टक्के आणि त्यावरच्या मद्याला ती तारीख छापायची सक्तीच नाही. व्हिस्कीला हा नियम ठीक आहे. कासिसलाही तोच. महिना-वर्ष होतं, ते पुसट शिक्क्यात, काचेच्या वळणावर, भिंग लावून सापडलं. चार वर्षांपूर्वीचं. ही चूक माझी, दुकानात बघायला हवं होतं.

परत नेली. मालक घरी होते, पोरगा म्हणाला उघडलेली बाटली परत घेता येत नाही. मी म्हटलं, उघडल्याशिवाय कळणार कसं? तो म्हणाला, “ताई, दारू कुठं खराब होती का?” मागे उभे दोन जण यावर इतकं मनापासून हसले की मीही हसले. 2100 रुपये गेले.

या बाटलीची खरी गंमत नंतर झाली. बहिणीचा मुलगा इथे लॉ करतो, रविवारी जेवायला येतो. ओट्यावर बाटली बघून ओरडलाच. “मावशी, ही तर आमच्या सिलॅबसमध्ये आहे!” मला वाटलं चेष्टा करतोय. पण खरंच आहे. जर्मनीतल्या रेवे नावाच्या व्यापारी कंपनीला 1976 साली हीच कासिस फ्रान्समधून आणून विकायची होती. जर्मन सरकारचा दारूचा मक्ता बघणारा विभाग म्हणाला, आणा खुशाल, पण इथे विकता येणार नाही. आमच्या कायद्यात फळांच्या लिक्योरला कमीत कमी 25 टक्के मद्यार्क लागतो, तुमची कमी पडते. म्हणजे दारू पुरेशी दारू नाही, म्हणून बंदी!

कारण काय दिलं, तर लोकांचं आरोग्य. हलकी दारू बाजारात आली की लोकांना सवय लवकर लागते म्हणे. लक्झेंबर्गच्या युरोपियन न्यायालयानं 20 फेब्रुवारी 1979 ला हे उडवून लावलं. हलक्या दारूचे ढीगभर प्रकार तुमच्या बाजारात आधीच आहेत, आणि जड दारू लोक पाणी घालूनच पितात, असं कोर्टाचं म्हणणं. गिऱ्हाईक फसेल अशी भीती असेल तर मद्यार्क किती आणि माल कुठला ते लेबलवर लिहा. एका देशात कायदेशीरपणे बनलेला आणि विकला जाणारा माल दुसऱ्या देशानं तसंच ठोस कारण असल्याशिवाय अडवू नये, हे तत्त्व या बाटलीवरून पक्कं झालं आणि मग चीज, बिअर सगळ्यांनाच लागू पडलं.

“आणि आपल्याकडे?” मी विचारलं. त्यानं स्टिकरवर बोट ठेवलं. फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी. दारू हा आपल्या घटनेत राज्यांचा विषय. आयातीचं शुल्क दिल्लीचं, पण बाटली बंदरातून आली की प्रत्येक राज्याचं लेबल वेगळं, शुल्क वेगळं. तेलंगणात तर ठोक विक्री सरकारी महामंडळच करतं. नांदेडहून धर्माबादची वेस ओलांडली की ही माझी बाटली परकी. आणि दारूचा धंदा करणं हा मूलभूत हक्क नाही असं सुप्रीम कोर्टानं 1994 ला म्हटलंय, त्यामुळे कुणी रेवे इथे कोर्टात गेला तरी त्याचं काय होईल, हे भाच्यानं जेवता जेवता दहा मिनिटं सांगितलं. मला त्यातलं निम्मं कळलं. वरण गार झालं.

त्याच जोशात मी म्हटलं, जाऊ दे, अंबडच्या मोसंबीची साल व्होडकात टाकून घरीच करते, जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही आहे. भाचा एकदम वकील झाला. “मावशी, करून विकलंस तर परवाना लागेल. केकात घालून विकलंस तरी मी तुला सोडवायला येणार नाही.” तेव्हा तो बेत बारगळला. आता मोसंबीची साल किसते, पांढरा भाग येऊ देत नाही, साखरेत रात्रभर चोळून ठेवते. वास चांगला येतो, पण त्या फवाऱ्याची सर येत नाही. खोटं कशाला बोलू.

कासिसला पाचपैकी एक, तोही सुका मेवा तरी त्यात भिजला म्हणून. आलुबुखाऱ्याचाच वास असल्यामुळे प्लम केकात ती खपून गेली, गिऱ्हाइकांनी उलट वाखाणला. नुसत्या व्हॅनिला केकात घातली असती तर तोंडघशी पडले असते. दुकानाला तीन. स्वच्छता, बिल मागितल्यावर कुरकुर न करता देणं, बाईमाणसाला नीट वागवणं, यात खोट नाही. मालाची ओळख आणि साठवण यात नापास.

जाणाऱ्यांनी बाटली उजेडाकडे धरून रंग बघावा, शिक्क्यातला महिना मोबाइलच्या टॉर्चनं शोधावा आणि वरच्या फळीवरचं काही घेऊ नये. 2 ऑक्टोबरला जाऊ नये, मी एकदा गेले होते, ड्राय डे.

जानेवारीत मालकांना गाठून बाटलीचं सगळं सांगितलं, रंगासकट. पैसे परत मिळाले नाहीत. त्यांनी पोराला शिडी लावायला सांगितली आणि वरच्या फळीवरच्या सगळ्या गोड बाटल्या खाली काढायला लावल्या, एसीच्या बाजूला, अंधाऱ्या कोपऱ्यात. परवा पोराचा फोन आला, नवीन कासिस आलीये. मी विचारायच्या आत म्हणाला, “ताई, शिक्का बघितला मी. मागच्या सप्टेंबरचा आहे.” किंमत त्यानंतर सांगितली.